नुसते चालणे पुरेसे आहे काय?

बालरोगतज्ज्ञाने वृद्धांच्या व्यायामावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु नातवंडांना लसीकरणाला घेऊन माझ्या दवाखान्यात येतात ते पुष्कळदा आजी-आजोबाच. व्यायामाविषयी विचारले की आजोबांचे उत्तर ठरलेले असते : "सकाळी कमाटीबागेत दोन फेऱ्या." आजींचे त्याहून ठरलेले : "घरातले काम काय कमी आहे?"

या उत्तरांकडे आपण डॉक्टर मंडळी पुरेशा गांभीर्याने पाहत नाही, असे माझे मत आहे. ज्या बडोद्यात प्रो. माणिकरावांनी व्यायामविद्येची परंपरा रुजवली, तेथेही साठी उलटली की जोर-बैठका 'या वयात शोभत नाहीत' असे वाटू लागते. मग उरते चालणे. तेही बाकावरच्या मित्रमंडळींसाठी असते. सोबती अंथरुणाला खिळला की फेऱ्याही थांबतात. आपणही चिठ्ठीवर 'रोज चालावे' एवढेच लिहून मोकळे होतो.

जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वे याहून बरेच अधिक मागतात. 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. शिवाय निदान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा आणि तीन दिवस तोल व शक्ती यांवर भर देणारा व्यायाम असावा. न्हाणीघरात पाय घसरला असता सावरतात ते मांडीचे स्नायू आणि शाबूत तोल. खुब्याचे हाड मोडल्यावर घराची काय अवस्था होते, ते आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना विचारावे.

गंमत अशी की, गुडघ्यांची तक्रार सांगून चालणे टाळणाऱ्या आजी नवरात्रात गरब्याच्या फेरात उभ्या राहतात. पाऊल मागे घेणे, गिरकी, वाकून टाळी देणे, हा तोलाचाच सराव होय. पण त्याला व्यायाम म्हणावे, हे त्यांच्या मनातही येत नाही. म्हणून 'व्यायाम करता का?' यापेक्षा 'कोणाबरोबर काय करायला आवडते?' हा प्रश्न मला अधिक उपयोगाचा वाटतो. औषध देताना आपण प्रकृती पाहतो. येथे आवडही पाहावी लागेल.

आपल्या आगामी शिबिरात साखर व रक्तदाब तपासण्याच्या टेबलाशेजारी एक खुर्ची ठेवावी. हातांचा आधार न घेता 30 सेकंदांत किती वेळा उठता येते, ते मोजावे. खुर्ची भिंतीला टेकलेली असावी आणि शेजारी एकाने उभे राहावे. त्या टेबलापाशी बसायला माझे नाव आताच लिहून घ्यावे.