‘कॉम्प्रेशन गेले’ असे म्हणण्यापूर्वी



मोटारसायकलच्या गॅरेजात एक वाक्य हमखास कानी पडते : ‘कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन बोअर करावं लागेल.’ पुष्कळदा ते खरेही असते. पण इंजिनात मूळचा कॅम काढून शर्यतीचा कॅम बसवलेला असेल, तर केवळ दाबमापकाचा काटा पाहून असा निकाल देणे शास्त्राला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते गणित करूनच पाहू या.

चार-धावी इंजिनातील झडपा कॅम उघडतो. दट्ट्या खाली जाताना मिश्रण आत येते आणि वर येताना ते दाबले जाते, असे तुम्ही शिकला आहात. प्रत्यक्षात इनलेट झडप दट्ट्या तळाशी पोहोचल्यावरही काही काळ उघडीच असते. दार उघडे असताना दाब कसा वाढणार? खरे संपीडन झडप मिटल्यावरच सुरू होते.

सिलिंडरचा व्यास 70 मि.मी. व धाव 90 मि.मी. घ्या. जुन्या बुलेट 350 चे हेच माप. संपीडन गुणोत्तर 8.5 आणि कनेक्टिंग रॉडची लांबी धावेच्या दुप्पट मानू. तळबिंदूनंतर क्रँक 60 अंश फिरल्यावर झडप मिटली, तर दाबण्यासाठी सुमारे 72 मि.मी. धाव उरते आणि गुणोत्तर 7 भरते. शर्यतीच्या कॅममुळे ती 80 अंशांवर मिटली, तर 58 मि.मी.च उरते आणि गुणोत्तर 5.9 वर येते. मापकावरचा दाब सुमारे एक पंचमांशाने उतरतो. रिंगा नव्या आणि सिलिंडर निर्दोष असूनही!

मग असा कॅम कोणी का बसवावा? याचे उत्तर जडत्वात आहे. मिनिटाला 6000 फेरे होत असताना 80 अंशांना जेमतेम 2.2 मिलिसेकंद लागतात. वेगाने येणारा मिश्रणाचा झोत तेवढ्यात थांबत नाही. दट्ट्या वर येऊ लागला तरी तो आत घुसतच राहतो. किक मारताना 300 फेऱ्यांचा वेग धरला, तर त्याच 80 अंशांना 44 मिलिसेकंद मिळतात. झोतही मंद असतो, म्हणून आत आलेले मिश्रण परत बाहेर ढकलले जाते. दाब मोजतात तो याच मंद वेगाला. दाबमापक खोटे बोलत नाही. ते फक्त मंद वेगाचे सत्य सांगते.

हे न कळल्याची किंमत मोठी असते. कोणी नाहक बोअर करून घेतो. कोणी हेड घासून गुणोत्तर वाढवतो. पुढे मूळ कॅम परत बसवला की झडप लवकर मिटते, दाब प्रमाणाबाहेर वाढतो, इंजिन ठोके देऊ लागते आणि दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत पाळी येते.

म्हणून माझा आग्रह असा, की आधी कॅम कोणता आहे ते विचारावे. थ्रॉटल पूर्ण उघडून दाब मोजावा. मग प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजावा. दाब चांगला वाढला, तर रिंगांवर संशय घ्यावा. आणखी खात्री हवी असल्यास जाणत्या मेकॅनिकने दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, दट्ट्या वरच्या टोकाला ठेवून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडावी. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट झडप, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट झडप आणि क्रँककेसमधून जोराने आली तर रिंगा गळतात. या परीक्षेत झडप केव्हा मिटते याचा संबंधच येत नाही.

उत्तरपत्रिकेत आकड्यापुढे एकक नसेल, तर आम्ही गुण कापतो. आकडा कोणत्या परिस्थितीत मोजला हे लिहिले नसेल, तरीही गुण कापायला हवेत, असे मला वाटते.