खेळातील मंत्र आणि त्यांची किंमत

लोणावळ्याचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांस हे सांगावयास नको की, आषाढात येथील मैदाने दिवसचे दिवस पाण्याखाली असतात आणि वसतिगृहातील मुलांस चार भिंतींच्या आत वेळ काढावा लागतो. अशा दिवसांत कॅरम व बुद्धिबळ यांच्या जोडीस आमच्या वरच्या वर्गांत एक नवा खेळ आला आहे. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका कल्पित पात्राची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, आणि पात्राचे धाडस तडीस जाते की नाही हे फासे ठरवितात. खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोन अमेरिकन गृहस्थांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. मूळ खेळातील भुयारांच्या जागी आमच्या मुलांनी भाज्याची लेणी व विसापूरचा किल्ला आणून बसविला आहे, हे आम्हांस विशेष आवडले.

परंतु ह्या खेळात मांत्रिक आहेत, आणि त्यावरून दोन प्रकारची बोलणी आमच्या कानी येतात. काही पालक विचारतात की, ख्रिस्ती शाळेत मंत्रतंत्राचा खेळ चालूच कसा दिला जातो? आणि मुले निराळ्याच प्रश्नावरून हमरीतुमरीवर येतात: मांत्रिकाची शक्ती कोणत्या नियमाने मोजावी? वरवर पाहता पहिला प्रश्न थोरांचा व दुसरा पोरकट. आमचे मत उलट आहे. मुलांच्या प्रश्नाचा नीट शोध घेतला तर पालकांच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच सापडते.

पालकांची शंका नवी नव्हे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांनी ह्या खेळास विरोध केला. १९८४ साली जॅक चिक ह्यांनी तर हा खेळ मुलांस चेटकाकडे ओढतो असे दाखविणारी चित्रपुस्तिकाच काढली. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. जादूटोण्याच्या नावाखाली माणसे कशी नाडली जातात हे महाराष्ट्रास पुरते ठाऊक आहे. त्यासाठी २०१३ साली येथे कायदा करावा लागला, आणि त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांची त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात हत्या झाली. पण तो कायदा शिक्षा कोणास करतो? आपल्या अंगी अलौकिक शक्ती आहे असे सांगून जो दुसऱ्यास फसवितो, लुबाडतो व छळतो, त्यास. टेबलापाशी बसलेल्या मुलाचा असा कोणताच दावा नसतो. त्याच्या पात्राची शक्ती कागदावर उघड लिहिलेली असते, तिची मर्यादा सोबत्यांस ठाऊक असते, आणि नियम पटला नाही तर कोणीही त्यावर वाद घालू शकतो. भोंदू बाबापाशी ही सोय नसते.

तेव्हा उरतो तो किमतीचा प्रश्न. मूळ खेळातील मांत्रिकाने मंत्र आधी पाठ करून ठेवावयाचे, आणि एकदा उच्चारलेला मंत्र स्मृतीतून पुसला जावयाचा, असा नियम होता. ही कल्पना जॅक व्हान्स ह्या लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' ह्या पुस्तकावरून घेतलेली आहे. सकाळी घोकलेली उत्तरे पेपर देताच विसरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हा नियम समजावून सांगावा लागत नाही! तरीही एका मुलीचा आक्षेप आम्हांस बिनतोड वाटला. ती म्हणाली, "खरी शिकलेली विद्या वापरल्याने विसरेलच कशी? ती तर वाढावयास हवी." नियमाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, आज काय लागेल ह्याचा विचार मांत्रिकास आधी करावा लागतो, आणि निवड चुकली तर ती दिवसभर सोसावी लागते.

दुसरा पक्ष म्हणतो की, मांत्रिकास अंकांची शिल्लक द्यावी व मंत्रागणिक तीतून वजावट करावी. खेळाच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत सूत्रधारासाठी जो ग्रंथ आहे, त्यात हा पर्याय दिलेला आहे. हिशेबास तो सोपा खरा, पण रात्रभर झोप घेतली की शिल्लक पुन्हा काठोकाठ भरते. अशा खर्चाची कोणास खंत वाटणार? १९८६ च्या 'गर्प्स' नामक खेळात मंत्र म्हणणारा थकतो, आणि १९८१ च्या 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये तर त्याचे मनःस्वास्थ्यच झिजत जाते. हे नियम आम्हांस अधिक खरे वाटतात. (१९८७ च्या 'आर्स मॅजिका'त पाच क्रियापदे व दहा नामे ह्यांच्या संयोगाने मंत्र सिद्ध होतो. व्याकरणाच्या तासास कंटाळणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.)

मनःशक्तीचा जुना नियम मात्र आम्हांस मुळीच मान्य नाही. ही शक्ती खेळात १९७६ च्या एका पुरवणीने आणली, आणि १९७८ च्या नियमग्रंथाप्रमाणे ती कोणास लाभावी हे पात्र जन्मास घालतानाच फाशांनी ठरावयाचे. ज्याची बुद्धी, शहाणपण किंवा प्रभाव आधीच मोठा, त्यासच काय ती संधी. आणि तीही शंभरात फार थोडी. अभ्यास नाही, सेवा नाही, गुरू नाही. फासा पडला आणि पात्र थोर झाले. जन्मावरून थोरपण ठरविल्याने ज्या देशाची इतकी हानी झाली, तेथील मुलांनी खेळात तरी हा नियम का पत्करावा?

ह्याहून चांगला नियम शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ह्याच लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योग्यांच्या क्रियांविषयी नुसते नवल न करता त्या यंत्रांनी मोजावयाच्या, हा त्यांचा बाणा. पुढे १९६० नंतरच्या दशकात तेथील संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात माणसे बसवून आतील प्राणवायू किती घटतो व कर्बवायू किती वाढतो हे पाहिले. तेथे योगाभ्यासी मनुष्यासही हवेचा हिशेब चुकला नाही.

आणखी जुना विचार पाहावयाचा तर पतंजलींच्या योगसूत्रांतील विभूतिपादात सिद्धींचे वर्णन करून, त्या समाधीच्या वाटेतील विघ्ने होत, असेही म्हटले आहे. ज्या इंद्रायणीचा उगम आमच्या लोणावळ्याजवळ आहे, तिच्याच तीरी आळंदीस चांगदेवांची कथा घडली असे सांगतात. वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन हा वृद्ध योगी आला, आणि ज्ञानेश्वरादी भावंडे भिंतीवर बसून त्यास सामोरी गेली. मुलांस चालती भिंत तेवढी आठवते. पण चौदाशे वर्षे जगल्याची ख्याती असलेला तो योगी पुढे मुक्ताबाईसारख्या लहान मुलीचा शिष्य झाला. अंकांच्या शिल्लकेने ही कथा खेळून पाहा; जमणार नाही. तेथे सिद्धी जितकी जास्त, तितके शिकणे अवघड होत जाते.

आमच्या पवित्र शास्त्रातही हा विचार आहे. 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातील शिमोन जादूगार प्रेषितांपुढे पैसे ठेवून सामर्थ्य विकत मागतो आणि पेत्र त्याचा निषेध करतो. चाळीस दिवसांच्या उपासानंतर प्रभु येशूने धोंड्यांच्या भाकरी करण्याचे नाकारले. आणि त्याच प्रभूने पुढे हजारोंस भाकरी पुरविल्या. सामर्थ्य होते, परंतु ते स्वतःच्या भुकेसाठी वापरले नाही.

ह्यावरून आम्ही मुलांपुढे एक नियम ठेवला आहे. मंत्रांस संख्येची मर्यादा नको, शिल्लकही नको. मात्र कोणत्याही मांत्रिकास आपली शक्ती स्वतःसाठी वापरता येऊ नये. तो दुसऱ्याची जखम भरील, स्वतःची भरू शकणार नाही. दुसऱ्यास दरीपार नेईल, आपण मात्र दोर धरून उतरेल. खेळाने मुले चेटकाकडे वळतील अशी ज्यांस धास्ती आहे, त्या पालकांनी एखाद्या शनिवारी येऊन हा नियम चालताना पाहावा. चहाची व्यवस्था आम्ही करू.

नियमास पहिला हरकतीचा मुद्दा नववीतून आला आहे. दोन मांत्रिक असले म्हणजे ते एकमेकांच्या जखमा भरीत बसतील, मग मर्यादा उरली कोठे, असे तो विद्यार्थी विचारतो. आमचे उत्तर असे की, तसे करावयाचे तर त्या दोघांस सतत एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहावे लागेल. मुलांच्या नकाशात लेण्याची वाट तिसऱ्या दालनापाशी दुभंगते, आणि दोन्हीकडून हाका येत आहेत. तेथे कोणी कोणीकडे जावयाचे हे अद्याप ठरलेले नाही.