मासा धरणाचा, थाळी महामार्गाची

पिंपळगाव बसवंत म्हटले की कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे. माशांचे नाव कुणाच्या तोंडी येत नाही. वास्तविक शेजारच्या दिंडोरी तालुक्यात कादवेवर करंजवण आणि पालखेड, शिवाय वाघाड, ओझरखेड अशी धरणांची रांगच आहे. या धरणांची चर्चा सुरू होते ती आवर्तनावरून आणि संपतेही तिथेच. त्याच पाण्यात रोहू, कटला, मृगळ वाढतात, कपारीत वाम आणि चिखलात मरळ सापडते, हे पाणीवाटपाच्या बैठकीत कोणाला आठवणार?

मच्छीमार ट्रकच्या ट्यूबवर बसून पहाटे जाळे ओढतो. काठाला लागेपर्यंत व्यापारी बर्फाचा खोका उघडून बसलेला असतो. तो सांगेल तो भाव. पुढे हाच मासा काळ्या मसाल्याच्या कालवणात पडतो, सोबत बाजरीची भाकरी येते आणि ढाब्यावर थाळीचे पैसे वाजवून घेतले जातात. त्यातला रुपयाही ट्यूबवरच्या माणसाकडे परतत नाही.

उजनीच्या काठावर यातून काही अंशी वाट निघाली. १९८० साली भीमेवरचे ते धरण पुरे झाले, उथळ पाण्यात पुढे रोहित पक्षी उतरू लागले आणि भिगवणची मच्छी हे पुणे-सोलापूर महामार्गावर गाडी थांबवण्याचे कारण ठरले. कुंभारगावचे मच्छीमार सकाळी पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात आणि दुपारी घरच्या चुलीवरचे कालवण वाढतात. अर्थात तिथली नक्कल जशीच्या तशी नको. पुण्याचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या त्या जलाशयात परदेशी चिलापी माजली आहे. इथे तिला पाय ठेवू देऊ नये.

द्राक्षबाग पाहायलाही लोक पैसे मोजतात, हे नाशिकला माहीत आहे. मग धरणाच्या काठावर गळ टाकून बसायला का मोजणार नाहीत? तिकीट मच्छीमार संस्थेने फाडावे, गळ आणि कणकेची गोळी तिनेच द्यावी, लागलेला मासा तोलून विकावा आणि तो संस्थेच्याच बायकांनी रांधावा. पावसाळ्यात मासा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतो, तेव्हा गळ बंद. श्रावणात निम्मे गिऱ्हाईक तसेही फिरकत नाही! आणि दारूची बाटली दिसली की तिकीट रद्द. धरणात बुडून मेलेल्यांच्या बातम्यांत तिचा हात फार वेळा असतो.

एक जागा मात्र कायम वगळावी. गोदावरी-कादवेच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. ते पक्ष्यांचे अभयारण्य आहे. तिथे दुर्बीण न्यावी, गळ नव्हे.

धरणातली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाते. पुढचा ठेका देताना मत्स्यव्यवसाय आणि जलसंपदा विभागांनी करारात एक ओळ वाढवावी: गळाच्या तिकिटाचा आणि काठावरच्या स्वयंपाकघराचा पहिला हक्क त्याच धरणात जाळे टाकणाऱ्यांचा. सुरुवात पालखेडपासून करावी. काठावर एखाद्या बाहेरच्या हॉटेलवाल्याचा फलक लागल्यावर ही ओळ लिहून उपयोग नाही.