फिल्टर बदला म्हणण्याआधी कारण शोधा

वाहन उत्पादक कंपन्यांचे सर्व्हिस विभागप्रमुख, पुण्यातील एआरएआयचे अधिकारी आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय यांस,



लखनौच्या वृंदावन योजनेत आमची डिझेल पिकअप दिवसभर पाण्याचे जार पोचवते. पीजीआय रुग्णालयाभोवतीच्या खानावळी, लॉज, सेक्टरांतली घरं. पाच मिनिटं गाडी चालते, बंद होते, जार उतरतात, पुन्हा चालू. डीपीएफला, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणाऱ्या फिल्टरला, असं काम सोसत नाही हे आम्ही आता पुरतं जाणतो. पण गाडी अशाच कामासाठी विकली गेली आणि विकताना डीपीएफचं नावही कोणी काढलं नाही.

हा फिल्टर हवाच. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे उत्सर्जनाचे निकष आले, डिझेलमधलं गंधक 50 पीपीएमवरून 10 वर आलं आणि डिझेल कारला किलोमीटरमागे सूक्ष्मकणांची जी 25 मिलिग्रॅमची मुभा होती ती 4.5 वर आली. हिवाळ्यात इथे धुकं आणि धूर एकत्र बसतात, पीजीआयच्या दारात दम लागलेली माणसं येतात. त्या हवेत आमच्या गाडीची काजळी जाऊ नये, असंच आम्हाला वाटतं. तक्रार फिल्टरबद्दल नाही, तो बिघडल्यावर गाडीवाल्याला जी वागणूक मिळते तिच्याबद्दल आहे.

फिल्टर भरत आला की इंजिन जादा डिझेल सोडून तो सुमारे 600 अंशांवर तापवतं आणि काजळी जाळतं. यालाच रिजनरेशन म्हणतात. आमच्या गाडीत ते वरचेवर होऊ लागलं. आयडलिंग चढायचं, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहायचा, ॲव्हरेज घसरलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं होतं: हायवेवर काढा, गिअर खालचा ठेवा, अर्धा तास पळवा. पळवली. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग मशीन लावून जबरदस्तीचं रिजनरेशन झालं, त्याचं बिल झालं, आणि शेवटी नव्या फिल्टरचं एस्टिमेट हातात आलं. काजळी इतकी का साचते, हे मात्र कोणी तपासलं नाही.

ते तपासलं ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका मिस्त्रीने. त्याने आधी डिपस्टिक ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलं होतं आणि त्याला डिझेलचा वास होता, कारण रिजनरेशन अर्धवट राहिलं की जादा सोडलेल्या डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. मग इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि फिल्टरच्या दाबाचं रीडिंग पाहिलं. ते शून्यच हवं, तसंच होतं, म्हणजे सेन्सर ठीक. सेन्सरच्या रबरी नळ्या वाकवून पाहिल्या, तडा नव्हता. शेवटी गाडी चालवत कूलंटचं तापमान पाहिलं, तर ते पासष्टच्या वर सरकेना. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. इंजिन गरम होत नव्हतं, म्हणून काजळी जास्त होत होती आणि जाळण्याचं काम पुरं होत नव्हतं. थर्मोस्टॅट आणि ऑइल बदललं, फिल्टर तोच राहिला. दोन रिजनरेशनमधलं अंतर पुन्हा वाढलं.

ही तपासणी कंपन्यांच्याच सर्व्हिस मॅन्युअलांत असते. इंजेक्टर, ईजीआर, टर्बोची नळी, थर्मोस्टॅट, कमी राख सोडणाऱ्या ग्रेडचं ऑइल, हे सगळं पाहिल्यावरच फिल्टरची पाळी यावी. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही. ज्याचा फिल्टर खरोखर राखेने भरला असेल त्याने तो साफ करावा किंवा बदलावा. बाकीच्यांना त्या खर्चात का पाडायचं?

सगळा दोष चालवणाऱ्याच्या माथी मारण्याची सवयही मोडायला हवी. ऑस्ट्रेलियात टोयोटाच्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर या डिझेल गाड्यांचा खटला उभा राहिला. 2022 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने 2 लाख 64 हजारांहून अधिक गाड्यांतली डीपीएफ यंत्रणा सदोष ठरवली, आणि दोष दिसत होता तो ताशी 100 किलोमीटरच्या आसपास सलग चालवताना! म्हणजे ‘हायवेवर काढा’ हे प्रत्येक दुखण्यावरचं औषध नव्हे. कंपनीने तिथे 2018 पासून हाताने रिजनरेशन सुरू करण्याचं बटण दिलं. आमच्या पिकअपमध्ये तसं बटण तर नाहीच, फिल्टर किती भरला आहे हेही दिसत नाही. दिवा लागतो तोवर उशीर झालेला असतो. हा आकडा ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या संगणकात, असतो, तो डॅशबोर्डवर दाखवायला नवं यंत्र लागत नाही.

या अंधारात गाडीवाला कुठे जातो हे आपल्याला ठाऊक आहे. फिल्टर कापून आतली जाळी काढून टाकायची आणि ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून दिवा गप्प करायचा, असा सल्ला आम्हालाही मिळाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल चालत नाही, आणि प्रदूषणाचे निकष मोडले तर 10 हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण पकडणार कोण? पीयूसीवाला नळी घालून ॲक्सिलरेटर दाबतो आणि धुराचा दाटपणा मोजतो. इंजिन धड असेल तर जाळी काढलेली गाडीही त्यातून सुटू शकते. नेदरलँड्स आणि जर्मनीने 2023 पासून डिझेल गाड्यांच्या तपासणीत कणांची संख्या मोजायला सुरुवात केली. मंत्रालयाने निदान मोठ्या शहरांतल्या व्यावसायिक वाहनांपासून हे सुरू करावं.

एआरएआयला एक विनंती. एप्रिल 2023 पासून प्रत्यक्ष रस्त्यावरची उत्सर्जन चाचणी आली, हे उत्तम झालं. पण त्या फेरीत शहराबरोबर मोकळा रस्ताही येतो. जी पिकअप वर्षभर पाच-सहा सेक्टरांच्या बाहेर पडत नाही, तिचं रिजनरेशन पुरं होतं का, हे वेगळं तपासा. आणि कंपन्यांनी विक्रीच्या वेळी गाडी रोज किती लांब आणि कशी चालणार हे फॉर्मवर लिहून घ्यावं. रोजचं काम लहान फेऱ्यांचं असेल तर डीलरने ग्राहकाला सीएनजी किंवा इलेक्ट्रिक पिकअप आधी दाखवावी, मग डिझेल पिकअपची विक्री हातची गेली तरी चालेल.

कळावे,
वृंदावन योजना, लखनौ येथील एक मराठी पिकअपमालक