उचल आईबापांची, फेड लेकरांची

दसरा झाला कीं बालाघाटच्या डोंगरपट्ट्यांतलीं गांवें रिकामीं होऊं लागतात. बीड, जालना, परभणी, धाराशिव, पाथर्डी या बाजूचीं हजारों कुटुंबें भांडींकुंडीं, शेळ्या व लेकरें गाडींत घालून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या ऊसफडांकडे निघतात, तीं पांचसहा महिन्यांनीं परत येतात. तोंवर शाळेचें अर्धेंअधिक वर्ष सरलेलें असतें. मग कांहीं पांढरपेशे शहाणे म्हणतात, "या लोकांना शिक्षणाची आवडच नाहीं. आईबापच असे, मग मुलें कशीं निपजणार?" या बोलण्याचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

मुकादम उचल देतो ती एकट्या माणसाला नव्हे. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. ती उचल तोडलेल्या उसाच्या वजनावर फिटत जाते. एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडतेच, वर बहुतेक ठिकाणीं दंडहि बसतो. म्हणून तान्ह्या मुलाची आईहि पहाटेच्या अंधारांत फडांत उभी राहते, आणि गाडी रात्रीं आली तर रात्रीं मोळ्या डोक्यावर वाहते. मूल कोपींत किंवा बांधावरच्या झोळींत पडलेलें असतें व त्याच्यापाशीं आठनऊ वर्षांची बहीण असते. या आईला माया नाहीं असें ज्यास वाटतें, त्यानें एक रात्र कोपींत काढून पाहावी. माया पुष्कळ आहे. वेळ तेवढा गहाण पडला आहे.

मूल नुसत्या भाकरीनें वाढत नाहीं. गर्भ राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारें १,००० दिवस मेंदूच्या वाढीचे अत्यंत महत्त्वाचे असतात. या काळांत मुलाला पोटभर सकस अन्न पाहिजे, स्वच्छ पाणी पाहिजे, आणि त्याच्याकडे पाहून बोलणारें माणूस पाहिजे. मुलानें हुंकार द्यावा, आईनें उत्तर द्यावें, हा काऊ, ही चिऊ म्हणून दाखवावें, यांतूनच त्याची भाषा व बुद्धि उगवते. यासाठीं आईला लिहितांवाचतां यावें लागत नाहीं; ती जवळ मात्र असावी लागते. झोळींतल्या मुलाच्या हुंकाराला दिवसभर उत्तर मिळत नाहीं. पुढें शाळेंत त्याला शब्द अपुरे पडले म्हणजे आपण त्यास मठ्ठ ठरवून मोकळे होतों. बंधूंनो, हा सटवीनें कपाळीं लिहिलेला लेख नव्हे. तो कामाच्या तासांनीं लिहिलेला आहे, आणि माणसानें लिहिलेलें माणसाला पुसतां येतें.

कष्टाचें काम मुलाचें वैरी आहे, असें मात्र कोणी समजूं नये. कुंभाराच्या चाकाजवळ बसून चिखलाचा बैल करणारें पोर, सुताराच्या ओट्यावर हातभर लांकूड मोजणारा मुलगा, आजीबरोबर बी निवडणारी नात, हीं सर्व शिकत असतात. कारण मोठें माणूस तेथें जवळ असतें, सांगतें, चुकलें तर हात धरतें. जें काम आईबापांना मुलापासून तोडतें, किंवा मुलाला शाळेपासून तोडतें, तें काम मात्र मुलाचें वय खाऊन टाकतें.

सर्वांत मोठा घाव मुलीवर बसतो. धाकट्या भावंडाला सांभाळतांना तिची शाळा सुटते. वयांत आल्यावर तिला मागें कोणापाशीं ठेवावी ही धास्ती असते, आणि जोडी झाल्याशिवाय पुऱ्या कोयत्याची उचल मिळत नाहीं. म्हणून कायद्यानें १८ वर्षें वय ठरविलें असतांहि तिला चौदाव्या-पंधराव्या वर्षीं उजवतात. कोवळ्या आईच्या पोटीं बहुधा अशक्त मूल येतें, आणि पुन्हा तीच झोळी, तोच बांध.

हें दुखणें आमच्या वडीलधाऱ्यांनीं केव्हांच ओळखलें होतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं सांगितलें कीं, गरिबांचीं मुलें गुरें राखण्यास व शेतांत लागतात म्हणून शाळेंत टिकत नाहींत. किमान १२ वर्षें वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करावें व या मुलांना शिष्यवृत्त्या द्याव्या, अशी त्यांची मागणी होती. शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून कोल्हापुरांत वसतिगृहें उभीं केलीं व १९१७ सालीं मोफत सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसविणारें वसतिगृह काढलें. नुसती शाळा बांधून भागत नाहीं, शाळेशेजारीं निवारा व भाकरी लागते, हें त्यांनीं जाणलें होतें. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तरी ही गोष्ट बदललेली नाहीं.

तेव्हां पहिली जबाबदारी सरकारची व कारखान्यांची आहे. आईबाप बाहेर असतां मुलांना गांवांतच ठेवून जेवूं घालणारीं हंगामी वसतिगृहें दसऱ्यापूर्वींच सुरू झालीं पाहिजेत. दिवाळी उलटून गेल्यावर उघडलेल्या दाराचा उपयोग काय? जो कारखाना उसाचा टन टन मोजतो, त्यानें फडावरचीं मुलेंहि मोजावींत व कोप्यांजवळ पाळणाघर चालवावें.

परंतु सारें दुसऱ्यावर ढकलून चालणार नाहीं. दुष्काळ व दुखणें आपल्या हातीं नाहीं; पण लग्नांतला डामडौल आपल्या हातीं आहे, आणि त्याचें कर्ज हेंहि उचलीचें एक कारण आहे. लग्नासाठीं आपण भटजीला मुहूर्त विचारतों. मुलीचें वय तिच्या जन्मदाखल्यावर पाहत नाहीं! फडांत नवराबायको सारखाच ऊस तोडतात, मग कोपींत आल्यावर पाणी, सरपण, चूल व मूल एकटीच्याच माथीं कां? बापानें घागर उचलली, तर आईला मुलाशीं बोलण्यास घटकाभर सांपडेल. बापानेंहि मुलाला मांडीवर घेऊन दिवसभराची गोष्ट सांगावी. त्याला पैसा पडत नाहीं.

म्हणून शेतकरी, कारागीर बंधूंनो व मायभगिनींनो, येत्या पोळ्यालाच ग्रामसभेंत बसून, कोणाचीं किती मुलें मागें राहणार, त्यांची यादी करा, ती शाळेच्या गुरुजींना द्या आणि वसतिगृहाची मागणी लेखी नोंदवा. घरांत आजाआजी धड असतील तर नातवंडें त्यांच्यापाशीं ठेवा व त्यांच्या दाण्यागोट्याची तजवीज करून जा. मुकादमाच्या वहींत अंगठा उठविण्यापूर्वीं आपल्या घरांतलीं लेकरें मोजा. आधीं त्यांची सोय, मग उचल.