कारखाने तारापुरात, कारागीर कोठे?

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते झाली, तेव्हापासून 'स्थानिकांस रोजगार' हे दोन शब्द या जिल्ह्यात इतक्या वेळा उच्चारले गेले आहेत की, ते कानी पडताच आता कोणी मान वर करूनही पाहत नाही. बंदर व्हावे की न व्हावे हा आजच्या लेखाचा विषय नव्हे. ज्या कोळी बांधवांची जाळी त्या समुद्रात पडतात त्यांचा आक्षेप गंभीर आहे, आणि ७६,००० कोटींहून अधिक खर्चाच्या कामापुढे तो क्षुल्लक ठरतो असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. परंतु बंदराचे कैवारी जे वचन देत आहेत त्याची पारख करणे आमचे कर्तव्य आहे. आणि कायद्याच्या धंद्यात निम्मे आयुष्य गेल्यामुळे आम्हांस वचनापेक्षा नजिरेचा भरवसा अधिक वाटतो. नजीर दूर शोधावयास नको. त्याच किनाऱ्यावर, तारापूर-बोईसर येथे, ती अर्धशतकाहून अधिक काळ उभी आहे.

१९६९ साली तारापुरास देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. पुढे शेजारीच औद्योगिक वसाहत वसली, आणि रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने तेथे दाटीवाटीने उभे राहिले. केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. जमिनी गेल्या, आणि जमिनींच्या जागी यंत्रे आली. ती यंत्रे कोण चालवितो, बिघडल्यास कोण उघडतो, व कोणाच्या शब्दावर ती पुन्हा सुरू होतात, हा आमचा प्रश्न आहे. आमच्या पाहण्यात असे येते की, वारली, कोकणा किंवा कोळी घरातील तरुण कारखान्याच्या दरवाजावर पहारा करतो, गोणी उचलतो, टाकी धुतो, आणि ठेकेदाराच्या वहीत 'हेल्पर' म्हणून त्याचे नाव असते. यंत्राच्या पॅनेलची किल्ली बहुधा दुसऱ्याच्या खिशात असते. तो दुसरा बाहेरगावाहून आलेला असला तरी तो आमचा देशबंधूच आहे. त्याने विद्या मिळविली व तिचे मोल त्यास मिळाले, यात त्याचा अपराध काय? अपराध आहे तो ज्यांनी येथल्या मुलास ती विद्या दिली नाही त्यांचा.

विक्रमगडकडचा असा एक तरुण आम्हांस बोईसरच्या फलाटावर भेटला. दोन वर्षे फिटरचे शिक्षण घेऊन तो उत्तीर्ण झालेला. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. चार वर्षे तो एका कारखान्यात पंपाचे नटबोल्ट सोडवीत व आवळीत आहे. मोटार का तापते, सेन्सरचा आकडा खोटा का येतो, हे त्यास विचारावयाचे असते. पण 'तुझे काम पाना धरण्याचे' असे उत्तर मिळते. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि आम्हांस खटकले ते हेच. अन्याय अंगवळणी पडला की तो रीत म्हणून चालू लागतो.

आता ही विद्या म्हणजे काय, हे थोडे उलगडून सांगणे अवश्य आहे. ज्या वर्षी तारापूरचे केंद्र सुरू झाले, त्याच १९६९ साली जपानात यास्कावा कंपनीचे अभियंते तेत्सुरो मोरी यांनी 'मेकॅट्रॉनिक्स' हा शब्द बनविला. यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सांगड, एवढाच त्याचा अर्थ. मराठी प्रतिशब्द कोणी करील तेव्हा करो. वस्तू मात्र बोईसरच्या प्रत्येक कारखान्यात आधीच येऊन बसली आहे. रसायनाच्या कारखान्यातील एक रिअॅक्टर घ्या. आत द्रव्ये मिसळून उष्णता उत्पन्न होते. ढवळणारा पंखा मोटार व गिअरपेटीच्या बळावर फिरतो, बाहेरच्या वेष्टनातून थंड पाणी खेळते, उष्णतामापक सेन्सर आकडा पाठवितो, पी.एल.सी. नावाचा छोटा संगणक तो आकडा वाचून पाण्याची झडप उघडतो, आणि उष्णता मर्यादेबाहेर जाऊ लागली तर नवे द्रव्य आत येणे बंद करतो. यांपैकी एक दुवा तुटला, समजा पंखा थांबला किंवा झडप अडकली, तर उष्णता उष्णतेस वाढविते आणि काही मिनिटांत प्रकरण माणसाच्या हाताबाहेर जाते. फिटरास गिअरपेटी कळते, वायरमनास मोटार कळते, इन्स्ट्रुमेंटवाल्यास सेन्सर कळतो. परंतु रात्री दोन वाजता रिअॅक्टर बिघडतो तो या तिघांच्या वाटण्या पाहून बिघडत नाही. तिघांच्या विद्येचा धागा ज्याच्या हाती आहे असा एक तरी मनुष्य पाळीत असावा लागतो. तो नसला म्हणजे काय होते? उत्पादन थांबू नये म्हणून सुरक्षेच्या साखळीला तारेचा तुकडा जोडून ती निकामी केली जाते, व कारखाना 'चालू' होतो. हा बायपास करणारा हात दुष्ट नसतो, अडाणी असतो. आणि त्यास अडाणी ठेवणे कोणाच्या तरी जमाखर्चात स्वस्त पडलेले असते.

११ जानेवारी २०२० रोजी तारापूरच्या वसाहतीत एका कारखान्यात स्फोट होऊन ८ जणांचे प्राण गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषधनिर्मितीच्या कारखान्यात वायुगळतीने ४ कामगार दगावले. या घटनांची कारणे ठरविणे चौकशी अधिकाऱ्यांचे काम आहे. त्यांत आम्ही आगाऊ निकाल देऊ इच्छीत नाही. परंतु अशा प्रत्येक प्रसंगानंतर नुकसानभरपाईचा आकडा जाहीर होतो, आणि त्या पाळीत यंत्र जाणणारे प्रशिक्षित लोक किती होते, हा आकडा कधी जाहीर होत नाही, हे सांगण्यास चौकशीची वाट पाहण्याचे कारण नाही.

आमच्या लोकांस ही विद्या साधणार नाही, असा पूर्वपक्ष कोणी उघडपणे मांडीत नाही. पण पुष्कळांच्या मनात तो आहे. त्यास उत्तर तारापुरातच आहे. पहिली दोन संयंत्रे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधून दिली. १९७४ च्या पोखरण येथील चाचणीनंतर अमेरिकेची कृपा आटली. इंधन अडले, सुटे भाग व तज्ज्ञांचे साहाय्य मिळेनासे झाले. यंत्र परक्याचे, आणि करणारा पाठ फिरवून गेलेला, अशा स्थितीत आपल्याच अभियंत्यांनी व तंत्रज्ञांनी ती संयंत्रे उघडली, समजून घेतली, दुरुस्त केली व चालती ठेवली. २००५ व २००६ साली तेथेच सुरू झालेली प्रत्येकी ५४० मेगावॉटची दोन संयंत्रे तर स्वदेशी आराखड्याची आहेत. स्वातंत्र्य म्हणजे काय याचा हा धडा आमच्या मते कित्येक सभांतील भाषणांहून मोलाचा आहे. परंतु तो धडा केंद्राच्या कुंपणाच्या आत राहिला. कुंपणाबाहेर दोन कोसांवर जे कारखाने आहेत, त्यांपैकी पुष्कळांत अद्याप जर्मन किंवा चिनी यंत्र अडले की कंपनीच्या माणसास दूरध्वनी करून त्याची वाट पाहत बसण्याचा रिवाज आहे.

मग कायदा नाही काय? कायदा आहे, आणि १९६१ पासून आहे. शिकाऊ उमेदवारांच्या अधिनियमाखाली २०१९ साली जे सुधारित नियम झाले, त्यांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेने, ठेकेदाराची माणसे धरून, शंभरास अडीच ते पंधरा या प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. २०० माणसांच्या कारखान्यास निदान ५. आता न घेतल्यास काय, ते पाहा. मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०१४ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली व दंड ठेवला. दंड किती? भरलेल्या नसलेल्या प्रत्येक जागेस पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये, पुढे १,००० रुपये. तोही महिन्याची नोटीस देऊन, खुलासा मागवून, तो न पटल्यावर. उलट २०१९ च्या नियमांनी उमेदवारास द्यावयाचे विद्यावेतन ठरविले ते कमीतकमी ५,००० रुपये. केंद्र सरकारने आपल्या योजनेतून त्याचा चतुर्थांश उचलला असे धरले, तरी पाच उमेदवार ठेवण्यास मालकास महिना १८,७५० रुपये लागतात, आणि पाचही जागा रिकाम्या ठेवण्यास २,५००, फार तर ५,०००. ज्या कायद्यात आज्ञा मोडणे पाळण्यापेक्षा स्वस्त आहे, त्यास कायदा म्हणावे की विनंतीपत्र, हे आमच्या विद्वान विधिज्ञ मित्रांनीच सांगावे.

मालकांचे गाऱ्हाणे आम्ही ऐकले आहे. 'आम्ही शिकवितो, मुलगा शिकतो, आणि अधिक पगारावर शेजाऱ्याकडे जातो.' यात तथ्य नाही असे नाही. परंतु शेजाऱ्यानेही पाच शिकविले असते तर पळवापळवीचे कारणच उरले नसते. एकट्याने विहीर खणली तरच सगळा गाव तिच्यावर येतो. शिवाय शिक्षण पुरे झाल्यावर नोकरी देण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातलेलेच नाही, केवळ भरतीचे आपले धोरण ठरविण्यास सांगितले आहे. ज्यास ठेवून घ्यावयाचे नाही, तो गेला म्हणून रडावयाचे, हे दोन्ही एकदम कसे जमावे?

दोष केवळ मालकांचा आहे असेही नव्हे. 'बाकी काही जमले नाही म्हणून आय.टी.आय.ला घातला' हे वाक्य आम्ही सुशिक्षित घरांत किती वेळा ऐकले त्याची गणती नाही. हाताला तेल लागणे म्हणजे हलकेपणा, ही समजूत आमच्या जातिव्यवस्थेने आम्हांस दिलेला वारसा आहे, आणि पदवीच्या कागदाने ती पुसली न जाता उलट पक्की झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रसंस्थेतील शिक्षकी सोडून यंत्रांच्या नादी लागले आणि १९१० मध्ये त्यांनी माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या नावाचे गोडवे गाणारे आपल्या मुलास मात्र लेथपाशी उभा करीत नाहीत. मुलींविषयी तर बोलावयासच नको. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या बाविसाव्या कलमाने चालत्या यंत्राची तपासणी 'विशेष शिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारा'कडे सोपविली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली आहे. लोकांच्या डोक्यातील बाविसावे कलम मात्र अबाधित आहे. सेन्सरची तार जोडण्यास व पी.एल.सी.ची आज्ञावली वाचण्यास मिशा लागत नाहीत. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांतून दहावी होणाऱ्या मुलींस हा मार्ग आहे, हे सांगणारा मनुष्यसुद्धा तेथे पोहोचत नाही.

उपाय नवा शोधावयाचा नाही. जर्मनीने १९९८ साली मेकॅट्रॉनिक्स हा स्वतंत्र धंदा म्हणून मान्य केला. साडेतीन वर्षांचे शिक्षण, आठवड्यातील काही दिवस कारखान्यात व काही शाळेत. आपल्या औद्योगिक प्रशिक्षणाच्या यादीतही मेकॅट्रॉनिक्स तंत्रज्ञाचा, तसेच रासायनिक कारखान्यातील मेंटेनन्स मेकॅनिकचा व इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा, असे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. बोईसरच्या वसाहतीस याहून उपयोगी विद्या कोणती? ती वसाहतीच्या दारात, वसाहतीच्या यंत्रांवर, मराठीतून शिकविली पाहिजे; आणि जव्हार, मोखाडा, तलासरीच्या मुलांमुलींसाठी बोईसरला वसतिगृह पाहिजे, कारण घाटावरून रोज ये-जा करून कोणी कारागीर झालेला नाही. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडास काम मांडले, आणि मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे, गुरांच्या कुरणापर्यंत, नेली. लहान मुलांसाठी जे दोन स्त्रियांनी करून दाखविले, ते तरुणांसाठी सरकार व कारखानदार यांनी मिळून करावे ही मागणी अवास्तव नाही.

बंदरावर पुढे ज्या अजस्र याऱ्या उभ्या राहतील त्या मोटारी, सेन्सर व संगणक यांच्याच जोरावर चालतील. दोन वर्षांचा अभ्यासक्रम व त्यापुढची उमेदवारी धरली, तर त्या याऱ्यांचे कारागीर आज वर्गात बसलेले असावयास हवेत. म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. तारापूरच्या वसाहतीतील ३० हून अधिक माणसांच्या प्रत्येक कारखान्याने किती उमेदवार घ्यावयास हवे होते व किती घेतले, याची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी पालघरच्या कचेरीबाहेर फलकावर लावावी. आणि बंदराच्या ठेकेदारांशी झालेल्या व होणाऱ्या करारांत शिकाऊ जागांचा आकडा लिहिलेला आहे काय, असल्यास किती, हे जाहीर करावे. तो आकडा मिळाला की आम्ही याच स्तंभात छापू. न मिळाल्यास तेही छापू.