सातबाऱ्यावर न दिसणारे ओझे

शेतकऱ्याने आत्महत्या केली की घरात दहाव्याची तयारी चालू असतानाच सरकारी कागद फिरू लागतात. तलाठ्याचा पंचनामा होतो, पोलिसांचा अहवाल जातो, बँकेकडून थकबाकीचा दाखला मागवला जातो, सातबारा तपासला जातो. जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, नापिकीमुळे ते थकले होते का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहून जिल्हा पातळीवरची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. २००५-०६ मध्ये आखलेल्या या चौकटीत पात्र कुटुंबाला १ लाख रुपये देण्याचे ठरले. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत.

ही मदत आवश्यकच आहे. मात्र या चौकटीने समाजाला एक वाईट सवय लावली. प्रत्येक आत्महत्येला एकच कारण असते, ते कागदावर सापडते आणि सापडले नाही तर तो माणूस ‘उगाच’ गेला, असे मानण्याची ही सवय आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांत अपात्र ठरलेल्या घराबद्दल मग कुजबुज सुरू होते. ‘दारू प्यायचा’, ‘घरात भांडणं होती’, ‘डोक्यानं जरा कमीच होता’. जणू ही कारणे खोटी आणि थकबाकी तेवढी खरी!

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी या समजाला धक्का देते. त्या वर्षी देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. सर्व राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, २२,७४६. शेतीशी संबंधित ११,२९० मृत्यूंपैकी ४,२४८ महाराष्ट्रातले होते. पण याच ११,२९० मध्ये शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३ होते, आणि मजुराच्या नावावर बहुधा सातबाराच नसतो. त्याच वर्षी २५,३०९ गृहिणींनी जीवन संपवले, म्हणजे शेतीक्षेत्राच्या दुपटीहून अधिक. विद्यार्थी होते १३,०४४. नोंदवलेल्या कारणांत ‘कौटुंबिक अडचणी’ ३१.७ टक्के आणि ‘आजारपण’ १८.४ टक्के. कर्जबाजारीपणाचा वाटा त्यापेक्षा कितीतरी कमी आहे.

याचा अर्थ कर्जाचा प्रश्न किरकोळ आहे, असा नाही. ‘कौटुंबिक अडचणी’ हा पोलिसांच्या तक्त्यातला एक रकाना आहे. थकलेले कर्ज, मोडलेली सोयरीक, दारू, मारहाण, नापास झालेला मुलगा, सगळे त्याच रकान्यात कोंबले जाते. आयुष्यात या गोष्टी वेगवेगळ्या येत नाहीत. एकीचा हात धरून दुसरी येते.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवरचा ऊस आणि सहकारी कारखाने. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जतचा पावसावर डोळे लावून बसलेला भाग, जिथून दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. आत्महत्या फक्त दुष्काळी पट्ट्याची गोष्ट असावी, असे वाटते. पण मनावरचे ओझे पाटाच्या पाण्याने हलके होत नाही. जिथे पैसा थोडा खेळतो, तिथे बरोबरी करण्याची सक्तीही वाढते. भावकीतल्या एकाने मंगल कार्यालयात हजार पाने उठवली की दुसऱ्याला पंधराशे उठवावी लागतात. सोसायटीचे पीककर्ज, पतसंस्थेचे कर्ज, बायकोच्या नावावर मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता आणि वर नातेवाइकांचे हातउसने, असा डोलारा उभा राहतो. यातले सर्वांत टोचणारे कर्ज बहुतेक वेळा सर्वांत मोठे नसते. ज्याचा जामीनदार सख्खा मेहुणा असतो, ते सर्वांत टोचते. बँकेची नोटीस माणूस एकवेळ सहन करतो. मेहुण्याच्या दारात बँकेची माणसे गेली, हे सहन होत नाही. रकमेचे ओझे अब्रूचे होते ते इथे.

त्यात आता लग्नाची भर पडली आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली साडेआठशेच्या आसपासच होत्या. गर्भातच मुली नाकारल्याचे फळ गावोगाव दिसते आहे. तिशी ओलांडलेल्या, शेती करणाऱ्या मुलाला स्थळ येत नाही. शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून मोर्चा काढला, तेव्हा राज्यभर हसू पिकले. त्यामागचा अपमान फार थोड्यांना दिसला. ‘काय, यंदा तरी बार उडणार का?’ हा पारावरचा प्रश्न विचारणाऱ्यासाठी गंमत असते. ज्याला तो दर लग्नसराईत ऐकावा लागतो, त्याच्यासाठी ती नापास झाल्याची दवंडी असते.

पैसा आला, शिक्षण आले म्हणजे हे आपोआप सुटेल, असे मानणाऱ्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावे. १९९० च्या सुमारास तिथे लाख लोकसंख्येमागे आत्महत्यांचे प्रमाण दहापेक्षा कमी होते. देश श्रीमंत होत गेला आणि २०११ मध्ये हे प्रमाण ३१.७ वर पोहोचले. ‘ओईसीडी’ या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या गटात ते आजही सर्वाधिक आहे. भारताचे २०२२ चे प्रमाण १२.४ होते. कोरियात नोव्हेंबरमधल्या महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेच्या दिवशी इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना विमानांची उड्डाणेही थांबवतात. मुले रात्री उशिरापर्यंत खासगी शिकवण्यांत असतात. म्हातारपण एकाकी आणि तुटपुंज्या पैशांत काढणाऱ्या वृद्धांमध्ये तर आत्महत्येचे प्रमाण फार मोठे आहे. समाजात तोंड राखण्याला त्यांच्याकडे ‘चेम्यॉन’ असा शब्द आहे. नगरच्या माणसाला त्याचे भाषांतर करून सांगावे लागणार नाही, तो ‘अब्रू’ म्हणतो. सोलच्या विद्यार्थ्याची आणि नेवाशाच्या शेतकऱ्याची परिस्थिती एक नाही, पण एक गोष्ट समान आहे. अपयश आले तर ते कोणाजवळ बोलायची सोय नाही.

न बोललेले दुःख शरीरातून बोलते. नैराश्य आलेला गावातला माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. झोप लागत नाही, अंग दुखते, डोके जड होते, कशात जीव लागत नाही, अशी तक्रार घेऊन तो दवाखान्यात जातो. सलाईन लावून, शक्तीचे इंजेक्शन घेऊन परत येतो. पुरुष दारूकडे वळतो. बाई ‘अंगात कसर आहे’ म्हणत कामाला लागते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दहापैकी एका प्रौढाला मानसिक आजार असल्याचे आढळले आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. राज्याची जुनी मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. अकोल्याच्या डोंगरातल्या किंवा जामखेडच्या माणसाला यातले कोणतेच जवळ नाही. आणि ‘येरवड्याला नेला’ हे वाक्य गावात एकदा उच्चारले गेले की पुढच्या पिढीची सोयरीकही अडते.

शास्त्र मात्र या विषयात निराशा सांगत नाही. आत्महत्येचा विचार बहुतेक वेळा कायमचा नसतो. तो लाटेसारखा येतो, काही तासांत किंवा दिवसांत ओसरतो. प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत, ते संसार करतात, म्हातारे होतात. म्हणून ती लाट येते तेव्हा जवळ माणूस आहे की विष, यावर जगणे-मरणे ठरते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. तिथले आत्महत्यांचे प्रमाण १९९५ नंतरच्या वीस वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी घटले. कोरियानेही २०१२ पर्यंत एक घातक तणनाशक बाजारातून काढले आणि त्या मार्गाने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. दोन्ही देशांत पिकांचे उत्पादन त्यामुळे घटले नाही. नगरच्या वस्त्यांवर औषधांच्या बाटल्या आजही राहत्या घरात, धान्याच्या कोठीशेजारी असतात. गोठ्याजवळ कुलूप लावलेली एक सामाईक पेटी आणि किल्ली दुसऱ्याकडे, एवढी साधी सवयही जीव वाचवू शकते.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो प्रामाणिक आहे. कांद्याला भाव द्या, दुधाला दर द्या, मग समुपदेशनाची गरजच पडणार नाही. जून २०१७ मध्ये याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि त्यातून सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. तो लढा रास्त होता, आजही आहे. भाव न देता शेतकऱ्याला ‘सकारात्मक विचार’ शिकवणे ही चेष्टाच ठरेल. पण भाव मिळेपर्यंत माणूस जगला पाहिजे. शिवाय गृहिणीचे, मजुराचे, विद्यार्थ्याचे मरण कांद्याच्या भावाने थांबणार नाही. पोटाचा आणि मनाचा प्रश्न एकमेकांविरुद्ध उभे करण्यात कोणाचाच फायदा नाही.

मानसोपचारतज्ज्ञ गावोगाव कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर जगाने पूर्वी याच जिल्ह्यातून नेले आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्या भागात हजारी पावणेदोनशेच्या आसपास बालमृत्यू होते. त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित समाजातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवले. त्या घरोघर गेल्या आणि काही वर्षांतच बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगापुढे ठेवलेल्या निवडक प्रयोगांत जामखेड होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच जामखेडने कुष्ठरुग्णांना वेगळे न काढता सर्वांबरोबर उपचार दिले. लाज कशी मोडायची, याचाही धडा त्यात होता.

हे मनाच्या आजारातही चालते, याचा पुरावा विदर्भाने दिला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांशी नैराश्याबद्दल त्यांच्याच भाषेत बोलायला सुरुवात केली, धीर दिला आणि गरज असेल त्यांना डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. अहिल्यानगरच्या प्रत्येक गावात आज आशा कार्यकर्ती आहे. तिच्याकडे नोंदवह्यांचा ढीग आहे, मोबदला तुटपुंजा आहे. तिला आणखी एक फुकटचे काम न देता, योग्य प्रशिक्षण आणि योग्य मानधन देऊन हे काम सोपवले तर जामखेडचा वारसा पुढे जाईल.

सहकाराचा हा जिल्हा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या काठी उभा राहिला. गावची सोसायटी आणि पतसंस्था यांना कोण थकला, कोण येईनासा झाला, हे सर्वांत आधी कळते. वसुलीच्या नोटिशीबरोबर मदतीचा क्रमांक छापणे, थकबाकीदारांची नावे चावडीवर न लावणे, वसुलीला जाणाऱ्या माणसाला धोक्याची लक्षणे शिकवणे, याला नवा कायदा लागत नाही. ‘माझं तुम्हाला ओझंच झालंय’ असे बोलणे, अचानक सगळे हिशेब मिटवणे, झोप उडणे, दारू वाढणे, माणसांतून उठून जाणे ही ती लक्षणे. अशा वेळी ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, ही भीती चुकीची आहे. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. उपदेश करू नये, ऐकावे. त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरकडे स्वतः सोबत जावे.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे ‘चुकून पोटात गेलं’ असे सांगतात आणि मोलाचा वेळ घालवतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७ ने अशा माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालचा मानले आहे आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. दवाखान्यात खरे सांगितले तर उपचारही खरे मिळतात. वाचल्यानंतर ‘भित्रा’ म्हणून हिणवण्याऐवजी पुढचे काही महिने त्या माणसावर मायेने लक्ष ठेवणे, हे गावाचे काम आहे.

केंद्राच्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण १० टक्क्यांनी खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते दिल्लीत गाठले जाणार नाही. ते पारावर, सोसायटीच्या ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात आणि मंगल कार्यालयाच्या पंगतीत गाठावे लागेल. माणूस गेल्यावर तो पात्र होता की अपात्र, हे ठरवायला समिती आहे. तो असताना मदतीला प्रत्येक जण पात्र असतो. त्यासाठी कुठलाही दाखला लागत नाही.

(मन अस्वस्थ असेल, जगणे नकोसे वाटत असेल किंवा जवळच्या कोणाबद्दल अशी काळजी वाटत असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही फोन करता येतो. मराठीतून बोलता येते.)